पासंग

कातोवित्सेत, जस्ताच्या कारखान्यात
एकशे वीस मीटरचं धुराडं होतं.
ते मी रंगवायचे, दोरावर लटकून,
एक पट्टा लाल, एक पांढरा,
विमानांना दिसावं म्हणून.
कारखान्याचा मचाणाचा खर्च वाचायचा
आणि आम्हाला एका उन्हाळ्यात मिळायचे
माझ्या खाणीतल्या बापाच्या दोन वर्षांच्या पगाराइतके.

त्या पैशांत डोंगर यायचा.
म्हणजे तुर्कस्तान, इराणमधून खडखडत जाणारा ट्रक,
निळी पिंपं,
जुन्या रजयांची पिसं उसवून शिवलेल्या झोपायच्या पिशव्या,
आणि मांसाचे डबे.

डब्यांचं सांगायला हवं.
तेव्हा मांस कार्डावर होतं.
माझी बहीण बोग्ना पहाटे चारला रांगेत उभी राहायची,
कडेवर माझा विटोल्ड, झोपलेला, जड.
तिनं जमवलेल्या डब्यांतले एकवीस
मी पिंपात भरले.
ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली,
"झाकण घट्ट लाव. वास येतोय."
एवढंच.
तो वास सहा हजार मीटरवरही गेला नाही.

लोक विचारतात, काय काय गेलं?
मी बोटं सांगते. डाव्या पायाची तीन.
बोटं मोजता येतात,
ऐकणाऱ्याचं समाधान होतं.

रोमुआल्ड गेला ते नाही सांगत.
तो भांडला नाही.
जाताना दाराआडची माझी बर्फकुऱ्हाड त्यानं
नीट भिंतीला टेकवून ठेवली,
दार आपटलं तर पडू नये म्हणून.
एवढी काळजी घेऊन कुणी मला
कधी सोडलं नव्हतं.

आणि शिखर?
पहिल्या खेपेला दोनशे मीटर उरले असताना
वारा फिरला. आम्हीही फिरलो.
घरी आले तेव्हा विटोल्ड बोग्नाला आई म्हणत होता
आणि मला काहीच नाही.
मी पुन्हा धुराड्यावर चढले.

दुसऱ्या खेपेला झालं.
वर अकरा मिनिटं होतो.
त्यातली चार हातमोज्याची गोठलेली गाठ सोडवण्यात गेली.
उरलेल्या सातांबद्दल
मला अजून कुणाशी बोलता आलेलं नाही.

आमच्या बाजारात एक बटाटेवाली होती,
तिचा तराजू मुळातच कलायचा,
म्हणून एका पारड्याखाली तिनं खडा बांधलेला.
माझाही खडा होता.
कुठल्या पारड्याखाली, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं.
मी वजन करण्याचं नुसतं नाटक करायचे.

परवा ते धुराडं सुरुंग लावून पाडलं.
बोग्ना आता नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
मी आणि विटोल्ड उभे होतो.
तो लिफ्ट दुरुस्त करतो, चव्वेचाळीसचा आहे,
गच्चीवर जायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो.

म्हणाला, "इथून तू दिसायचीस.
पिवळा ठिपका. रोज चार वाजता
तू वर काठावर बसायचीस,
मी स्टुलावर चढून पातेल्याचं झाकण हलवायचो.
मावशी म्हणायची, बघ, तिनंही हात केला."

चारला आम्ही पाव खायला बसायचो.
मी कायम दक्षिणेकडे तोंड करून.
हवा स्वच्छ असली की तिथून तात्रा दिसायचे,
दुधाच्या दातांएवढे.
ही खिडकी उत्तरेला आहे.

मी त्याला सांगितलं नाही
की तो माझ्या पाठीला झाकण दाखवत होता.
किंवा त्याला माहीत असेल.
लिफ्टवाल्यांना दिशा कळतात.

भोंगा वाजला.
धुराडं आधी गुडघ्यात वाकलं,
मग माझे पट्टे एकामागून एक
धुळीत उतरले, लाल, पांढरा, लाल.
धूळ बसली तेव्हा दक्षिणेला नुसते ढग होते.

विटोल्डनं सूप गरम केलं,
बटाट्याचं, डब्यातलं मांस घातलेलं.
मी दोनदा मागून घेतलं.